शाळेत आदराची नाती शिकवणारे ताई-दादा: पालक, शिक्षक आणि मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या माध्यमिक शाळांमध्ये आम्ही मुलांनीच मुलांना शिकवायचा एक उपक्रम चालवतो. पालकसभेत, स्टाफरूममध्ये आणि तास संपल्यावर जिन्यात जे प्रश्न आम्हाला विचारले जातात, ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हा उपक्रम म्हणजे नेमकं काय?

अकरावी-बारावीची मुलं-मुली आठवी-नववीच्या वर्गात जाऊन नात्यांबद्दल बोलतात. मैत्री, आकर्षण, नकार, संशय, मस्करी, मोबाइल, भांडण, ब्रेकअप असे सगळे विषय त्यात येतात. आपल्याकडे बऱ्याच हायस्कूलना जोडून कनिष्ठ महाविद्यालय असतं, त्यामुळे शिकवणारे त्याच आवारातले, ओळखीच्या चेहऱ्याचे असतात. वर्ग त्यांना ताई-दादा म्हणतो आणि आम्हीही तेच म्हणतो. जिथे शाळा दहावीपर्यंतच आहे तिथे नववीची मुलं सातवीच्या वर्गात जातात. दहावीच्या मुलांवर बोर्डाचं ओझं असतं, म्हणून त्यांना शिकवायची जबाबदारी देत नाही. बसायला मात्र ती हक्काने येतात.

शिक्षक आहेत, समुपदेशक आहेत. मग मुलांनीच का शिकवायचं?

कारण दबाव मुलांच्या घोळक्यातच तयार होतो. चौदा वर्षांच्या मुलाला एखाद्या मुलीच्या मागे ऐरोली स्टेशनपर्यंत जायला कुठलाही मोठा माणूस सांगत नाही. ‘जा ना, फाटली काय?’ हे त्याचे मित्र म्हणतात. तिने ब्लॉक केलं की आपल्या फोनवरून मेसेज टाकून देणारा मित्रच असतो. ‘तो तुझ्यावर एवढं प्रेम करतो, भाव काय खातेस’ असं मुलीला समजावणारी तिचीच मैत्रीण असते. मोठ्यांनी भाषण दिलं की मुलं मान डोलावतात आणि गेटबाहेर पडली की पुन्हा त्याच घोळक्यात मिसळतात. त्या घोळक्यातला एक जण जरी ‘बस कर, ती नाही म्हणाली ना’ असं म्हणाला, तरी पुढचं बरंच काही टळतं. हा एक जण तयार करणं हेच आमचं खरं काम आहे.

हा विचार आम्ही शोधून काढलेला नाही. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात १९९३ मध्ये ‘मेंटर्स इन व्हायोलन्स प्रिव्हेन्शन’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याने त्रास देणारा आणि त्रास सोसणारा या दोघांपेक्षा बाजूला उभ्या असलेल्या मित्रांवर भर दिला. पुढे स्कॉटलंडच्या शाळांनी तो घेतला आणि तिथे वरच्या वर्गातली मुलं खालच्या वर्गांना शिकवू लागली. मुंबईतही वस्त्यांमधल्या तरुणांनी तरुणांशी बोलण्याचं काम गेली कित्येक वर्षं चालू आहे. हरीश सदानी यांची ‘मावा’ ही संस्था १९९३ पासून पुरुषांबरोबर याच विषयावर काम करते आहे.

मुलं शिकवतात म्हणून शिक्षकांनी हात झटकायचे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. संवादाची सुरुवात मुलं करतात. त्या संवादातून जे वर येतं ते पेलायची जबाबदारी मोठ्यांची. हे ज्या शाळेला मान्य नाही तिथे आम्ही उपक्रम सुरू करत नाही.

एका तासात वर्गात काय घडतं?

एका तासाचंच उदाहरण घेऊ. ताई फळ्यापाशी उभी राहून गोष्ट सांगते. नववीतल्या ओंकारला तन्वी आवडते. त्याने दोनच मित्रांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून क्लास सुटल्यावर नौपाड्याच्या गल्लीत आख्खा ग्रुप तन्वीला बघून ‘ए वहिनी!’ करून हाक मारायला लागला. तन्वी ओंकारशी आजवर धड बोललेलीही नाही.

इथे वर्गात हशा पिकतो, कारण प्रत्येक वर्गात अशी एक ‘वहिनी’ असते. ताई हसू थांबेपर्यंत थांबते आणि विचारते, ‘आता तन्वी घरी कुठल्या रस्त्याने जाते?’

मग उत्तरं येतात. मागच्या रस्त्याने. रिक्षाने, पण मग पैसे मागताना आईला काय सांगणार? क्लास बदलते. हा प्रश्न विचारला असताना एकदा शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘मी कानात हेडफोन घालते, पण गाणं लावत नाही. मागे कोण येतंय ते ऐकू यावं म्हणून.’ त्या वर्गात त्यानंतर कोणी हसलं नाही. जी मुलं रोज त्याच गल्लीत उभी राहायची त्यांना हे माहीतच नव्हतं. सांगणार तरी कोण त्यांना?

एखादा मुलगा हमखास म्हणतो, ‘पण वहिनी म्हणजे आम्ही रिस्पेक्टच देतो ना.’ ताई त्याला ओरडत नाही, ‘तिला विचारलं होतं का?’ एवढंच विचारते. उरलेला वेळ सरावाचा. तुम्ही ओंकारच्या ग्रुपमध्ये आहात, तुम्हाला हे पटत नाही, पण मित्रही गमवायचा नाही, तर काय म्हणाल? मुलं स्वतःची वाक्यं शोधतात. ‘चल ना, बस जाईल.’ ‘भाई, तुझ्या बहिणीला कोणी असं केलं तर?’ हे दुसरं वाक्य फार लोकप्रिय आहे, पण तिथे ताई-दादा मुद्दाम थांबवतात. ती मुलगी कोणाची बहीण आहे म्हणून तिला सोडायचं, असं नाही. तिला नको आहे, म्हणून सोडायचं. हा फरक मुलांना समजावून घ्यायला कधी कधी अख्खा तास लागतो आणि आम्ही तो लागू देतो.

म्हणजे हे लैंगिक शिक्षणच ना?

शरीराची माहिती हा वेगळा विषय आहे आणि तोही गरजेचा आहे. पण तो शिकवायला प्रशिक्षित मोठी माणसंच हवीत. ताई-दादा नात्यांवर बोलतात. सरकारी धोरणातही हा विषय आहेच. आयुष्मान भारतअंतर्गत फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात ११ विषय आहेत. परस्परसंबंध, स्त्री-पुरुष समानता आणि हिंसेपासून सुरक्षितता हे त्यातलेच. मुख्याध्यापकांना संस्थाचालकांपुढे विषय मांडायचा असेल तर या आधाराचा उपयोग होतो.

यामुळे मुलांच्या डोक्यात नको ते भरेल का? प्रेमप्रकरणं वाढतील का?

ही भीती आम्ही हलक्यात घेत नाही. मुलगी मोठी होताना आईबापांना धास्ती वाटते, त्यात काही चूक नाही. पण आठवीच्या वर्गात कोणाला कोण आवडतं याची चर्चा आमच्या येण्याआधीपासून चालू असते. तलावपाळीला किंवा वाशीच्या मिनी सीशोअरला संध्याकाळी चक्कर मारली तरी हे दिसेल. मुलांना आकर्षण वाटणारच. ते वाटल्यावर काय करायचं, समोरच्याने नाही म्हटल्यावर काय करायचं आणि आपल्याला नको असेल तर ते कसं सांगायचं, हे त्यांना कोणीच सांगितलेलं नसतं. जे घडतंय ते घरी सांगता येतं असं वाटायला लागलं, की लपवाछपवी कमी होते. आम्हाला तरी पालकांसाठी हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

ताई-दादा कसे निवडता? वर्गातली हुशार मुलं घेता का?

नाही. शाळा बहुतेक वेळा पहिल्या बाकावरची मुलं पुढे करते. वक्तृत्व स्पर्धेला जाणारी, सरांची आवडती अशी. ती असावीत, पण फक्त तीच असली तर मागच्या बाकापर्यंत काही पोचत नाही. आम्ही मुलांकडूनच गुप्त चिठ्ठ्या घेतो: ‘अडचण आली तर वर्गातल्या कोणाकडे जाशील?’ त्या चिठ्ठ्यांवर अनपेक्षित नावं येतात. कबड्डीच्या टीमचा कॅप्टन, कमी बोलणारी पण सगळ्यांचं ऐकून घेणारी मुलगी, एटीकेटी लागलेला पण कोणाची टर न उडवणारा मुलगा. मुलगे आणि मुली सारख्या संख्येने घेतो आणि तासाला नेहमी जोडीने पाठवतो.

निवड झाल्यावर पालकांची लेखी संमती घेतो आणि मुलालाही वेगळं विचारतो. मध्येच सोडायची मुभा असते आणि कारण द्यावं लागत नाही.

प्रशिक्षण किती असतं?

सुरुवातीला सुट्टीतले सलग काही दिवस, मग वर्षभर दर पंधरवड्याला एक बैठक. या बैठका आम्हाला पहिल्या शिबिरापेक्षा महत्त्वाच्या वाटतात. वर्गात काय झालं, कोण रडलं, कोणी कुत्सित प्रश्न विचारला, कुठे उत्तर सुचलं नाही, हे सगळं तिथे निघतं. ज्या शाळेत या बैठका बंद पडतात तिथे दिवाळीनंतर तासही बंद पडतात.

मुलामुलींना एकत्र बसवता की वेगळं?

दोन्ही. पहिले काही तास वेगळे, कारण मुली मुलांसमोर आणि मुलगे मुलींसमोर सुरुवातीला खरं बोलत नाहीत. मग एकत्र. फक्त मुलींच्या शाळेतही संशय, पाळत आणि मैत्रिणींची दादागिरी हे विषय असतातच, त्यामुळे तिथे कार्यक्रमात फार बदल करावा लागत नाही.

यात मुलग्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं का?

तसं झालं तर उपक्रम तिथेच संपला असं समजा. मुलग्यांनाही या घोळक्याचा जाच होतो, आणि तो बराच जुना असतो. रडला म्हणून ‘बायल्या’, नाचाच्या क्लासला जातो म्हणून त्याहून वाईट शब्द, मुलीने नाही म्हटलं ते निमूटपणे ऐकलं म्हणून वर्षभराची टिंगल. ज्या मुलांचं वागणं-बोलणं इतरांपेक्षा वेगळं असतं त्यांना तर रोज सोसावं लागतं आणि ती बहुधा कोणाकडे तक्रारही करत नाहीत. एका दादाने नववीच्या वर्गात सांगितलं, ‘मला नकार मिळाला तेव्हा मी तीन दिवस जेवलो नाही, पण तिला त्रास दिला नाही.’ त्यावर मुलांनी खूप प्रश्न विचारले. जेवला नाहीस तर घरी काय सांगितलंस? अजून बोलते का ती? वाईट वाटणं आणि वाईट वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी त्या वर्गाला कोणीही न समजावता कळलं.

एखाद्या मुलीने किंवा मुलाने ताई-दादांना काही गंभीर सांगितलं तर?

या प्रश्नावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो आणि शाळांनीही द्यावा.

ताई-दादांना पहिल्या दिवसापासून एक गोष्ट पक्की शिकवलेली असते: कोणालाही ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. तू सुरक्षित राहावीस म्हणून मला हे एका मोठ्या माणसाला सांगावं लागेल. आपण दोघी मिळून जाऊ,’ असं म्हणायचं. खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, स्वतः चौकशी करायची नाही आणि ज्याचं नाव आलं त्याला जाब विचारायला जायचं नाही. त्याच दिवशी ठरलेल्या शिक्षिकेकडे जायचं.

मोठ्यांची जबाबदारी कायद्याने ठरलेली आहे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळल्यावर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि संस्थेच्या प्रमुखाने कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत. ही शिक्षेची तरतूद बालकांना लागू नाही, म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या ताई-दादांवर हे ओझं कायद्याने टाकलेलं नाही. आपणही टाकू नये. बारावीतली जी मुलं १८ पूर्ण करतात त्यांना मात्र हा नियम नीट समजावून सांगावा लागतो.

‘शाळेची बदनामी होईल, आधी आपसात बघू’ हे वाक्य आम्ही बऱ्याचदा ऐकलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या बदलापूरची, शाळेतच लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची घटना समोर आली. त्यानंतर तरी असं म्हणणाऱ्याला कोणी साथ देऊ नये. राज्य सरकारने २०२२ मध्येच शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितलं आहे. आपल्या शाळेत ती आहे का, तिच्यात कोण आहे, ती शेवटची कधी बसली, हे पालकांनी विचारावं. विचारायचा हक्क आहे त्यांना.

दोघंही सोळा-सतराची असतील आणि दोघांनाही ते नातं हवं असेल तर?

मैत्री किंवा प्रेम वाटणं हा गुन्हा नाही. पण १८ वर्षांखालच्या व्यक्तीची शारीरिक संबंधांना असलेली संमती आपला कायदा मानत नाही. त्यामुळे दोघांच्या मर्जीने घडलेल्या गोष्टीवरूनही गुन्हा दाखल होऊ शकतो आणि बहुतेक वेळा मुलगा अडकतो. ही माहिती ताई-दादा देत नाहीत. त्यासाठी वकील किंवा बालहक्कांवर काम करणारी व्यक्ती येते, धाक न घालता कायदा समजावते आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देते.

मोबाइलवरच्या गोष्टींचं काय?

निम्मे प्रश्न तिथलेच असतात. ‘पासवर्ड दे, नाहीतर विश्वास नाही असं समजेन.’ लोकेशन चोवीस तास चालू ठेवायला लावणं. लास्ट सीनवरून उलटतपासणी. मुलं याला काळजी म्हणतात, आणि ती पाळत आहे हे त्यांना समवयस्कांकडून ऐकलेलं लवकर पटतं. ताई-दादा इथे एक साधी चाचणी देतात: हे नाही म्हणायची तुला भीती वाटते का? वाटत असेल तर मोठ्या कोणाशी तरी बोल.

फोटो पसरला असेल, तर पहिली गोष्ट म्हणजे ज्याचा फोटो आहे त्याला दोष द्यायचा नाही. अल्पवयीन व्यक्तीचे नग्न किंवा लैंगिक फोटो पुढे पाठवणं आणि जवळ ठेवणंही गुन्हा आहे, हे ग्रुपमधल्या प्रत्येकाला माहीत असावं. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. शिवाय ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. १८ वर्षांखाली असताना काढलेल्या अशा फोटोचा डिजिटल ठसा आपल्याच फोनवर तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो. त्यावरून सेवेत सहभागी असलेली समाजमाध्यमं तो फोटो शोधून काढू शकतात. फोटो कुठेही अपलोड करावा लागत नाही, आणि मुलांना सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटत असते.

याचा उपयोग होतो असं कशावरून म्हणता?

जेवढं ठामपणे सांगता येतं तेवढंच सांगतो. मुंबईच्या महापालिका शाळांमध्ये २००८ मध्ये सहावी-सातवीसाठी ‘जेम्स’ हा कार्यक्रम आयसीआरडब्ल्यू ही महिलांवर संशोधन करणारी संस्था, कोरो ही मुंबईतली स्वयंसेवी संस्था आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांनी मिळून सुरू केला. त्यातून मुलांचे स्त्री-पुरुष समानतेबद्दलचे विचार बदलताना दिसले. हरियाणात ३१४ सरकारी शाळांमध्ये सातवी-आठवीच्या मुलांबरोबर वर्गचर्चा घेतल्या. तिथे विचारांमधला बदल कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही टिकून होता. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातला अभ्यास आम्हाला सगळ्यात जास्त शिकवून गेला. तिथे एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी आणि काही शाळांत खास नेमलेल्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी राबवला. समुपदेशकांच्या शाळांमध्ये दादागिरी आणि हिंसा कमी झाली, शिक्षकांच्या शाळांमध्ये फरक दिसला नाही. २०१८ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

या तिन्ही ठिकाणी वर्ग घेणारी मोठी माणसं होती, मुलं नव्हती. शिवाय विचार बदलतात तेवढ्या वेगाने वागणं बदलत नाही. म्हणून चार तास घेऊन मुलं सुधारली असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. निदान दोन वर्षं सलग काम हवं.

घरातच मारहाण असेल तर मुलांनी काय करायचं?

काही मुलं तासानंतर थांबतात ती याचसाठी. वर्गात आदर म्हणजे काय ते ऐकायचं आणि घरी वेगळंच बघायचं, याचा फार त्रास होतो. अशा मुलाला ‘बाबांना समजाव’ असं आम्ही कधीच सांगत नाही. ते त्याचं काम नाही. त्याला मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक पाठ असावेत, आईला महिलांसाठीचा १८१ माहीत असावा, आणि शाळेतल्या एका मोठ्या माणसाला घरची परिस्थिती ठाऊक असावी. मन फार खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतूनही बोलता येतं.

ताई किंवा दादाच कोणाशी वाईट वागला तर?

त्याचे तास तात्काळ थांबतात आणि तक्रारीची चौकशी इतर कोणत्याही मुलासारखीच होते. उपक्रमाचं नाव राखायला काहीही झाकलं जात नाही. ज्याच्याबाबत तक्रार आली त्याच्याशीही कोणीतरी मोठ्याने बसून बोलायचं, हेही ठरलेलं आहे.

उर्दू, हिंदी, इंग्रजी माध्यमात हे चालतं का?

चालतं. मुंब्रा, राबोडी, तुर्भे, दिघा इथल्या वर्गांत अनेक घरच्या भाषा एकत्र असतात. गोष्ट तीच, फक्त नावं आणि जागा बदलतात. ताई-दादा त्याच वस्तीतले असले की हे आपोआप होतं.

पालक म्हणून आम्ही घरी काय करावं?

मुलाने काही सांगितलं की पहिल्या मिनिटाला फोन काढून घेऊ नका. शाळा बंद करू नका. मुलींना हीच भीती असते, ‘सांगितलं तर क्लासच बंद होईल.’ म्हणून त्या महिनोन् महिने गप्प राहतात आणि वाट वाकडी करून घरी येतात. आधी ऐका. आणि मुलग्याच्या आईबाबांनो, तुमच्या मुलाविरुद्ध तक्रार आली तर ‘मुलं आहेत, चालायचंच’ असं म्हणू नका. त्याच्यासमोर तर मुळीच नको.

आमच्या शाळेत सुरू करायचं आहे. आधी काय करायचं?

मुलं निवडायच्या आधी मोठी माणसं निवडा. सगळ्या वर्गांतून बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या: ‘काही झालं तर शाळेतल्या कुठल्या मोठ्या माणसाला सांगशील?’ नाव शिक्षकांचंच येईल असं नाही. प्रयोगशाळेतल्या मॅडम, ग्रंथपाल, शिपाईमावशी, कोणीही असू शकतं. ज्यांची नावं पुन्हा पुन्हा येतात त्यातल्या दोघांना पॉक्सोचं प्रशिक्षण द्या आणि त्यांचा आठवड्यातला एक तास वेळापत्रकातच मोकळा ठेवा. बसायला दार लागेल अशी खोली द्या. पालकसभा घ्या आणि वर्गात सांगणार आहात तीच गोष्ट तिथेही सांगा. जूनमध्ये हे झालं, तर पावसाळ्यात ताई-दादांचं प्रशिक्षण होतं आणि गणपतीच्या सुट्टीनंतर पहिला तास घेता येतो.